डॉक्टरांनाही कावीळच सांगितली

आई, तुझं दुखणं मी मध्यंतरी डॉक्टरांनाही कावीळच सांगितलं. खोटं बोलायचं ठरवून गेले नव्हते. त्यांनी विचारलं, "आई कशाने गेल्या?" आणि तू पढवून ठेवलेलंच तोंडातून निघालं. लेक शेजारी बसली होती. तिला तरी कुठे ठाऊक होतं!

छातीतली गाठ काढून तू घरी आलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. टेकून बसल्याबरोबर तू पहिलं वाक्य बोललीस ते हे, "हिचं लग्न व्हायचंय. कुणी विचारलं तर कावीळ." मग त्या काविळीपायी सगळ्या घराला पथ्य. आमटीत हळद नाही, भाजीला तेल नाही, कारण शेजारच्या काकू केव्हाही स्वयंपाकघरात डोकावायच्या. त्याच काकू तुझ्यासाठी उसाचा रस घेऊन येतात. तू केमो घेऊन आलेली, तुला पाण्याचा वाससुद्धा सोसत नाही, पण त्यांच्यादेखत पेला संपवतेस, वर "आज आलं घातलंय वाटतं" म्हणून कौतुक करतेस. त्या उंबऱ्याबाहेर पडल्या की मी घमेलं धरते. तुझे केस गेले तेव्हा त्यांना कळलं असणारच. पण त्यांनी रसही थांबवला नाही आणि विषयही काढला नाही. मला मात्र तुझा फार राग यायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी तू ते सगळं माझ्यासाठी गिळत होतीस, हे तेव्हा समजलं नाही.

तू गेल्यावर वर्षभरात माझं लग्न झालं. सासरी कावीळ, नवऱ्याला कावीळ, पुढे लेकीलाही कावीळच. मावशीला तर तूच सांगितली होतीस, तिच्या सासरच्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. यंदा त्याच मावशीला गाठ निघाली, तीही बरीच पसरल्यावर. म्हणून लेक मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई कागदावर आपल्या घराण्याची झाडासारखी आकृती काढत होत्या, कोण कशाने गेलं, किती वयाचं असताना. माझं ऐकून म्हणाल्या, "एकट्या मावशीलाच, आणि तेही साठीनंतर. मग मुलीची तपासणी चाळिशीपासून सुरू केली तरी चालेल." लेक सव्वीस वर्षांची. स्कूटर सुरू करता करता म्हणाली, "चला, चाळिशीपर्यंत सुट्टी!" मी मागे बसले. कर्वेनगर येईपर्यंत सांगायला भरपूर वेळ होता. पण त्याच आठवड्यात तिला बघायला खडकवासल्याची मंडळी येऊन गेली होती आणि मुलगा दोघींनाही आवडला होता. म्हटलं, साखरपुडा होऊ दे, मग सांगू. अगदी तुझ्यासारखं.

पुढच्या रविवारी मावशीला भेटायला हडपसरला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आपल्यात कुणालाच नव्हतं गं. मलाच कुठनं आलं?" मला खाली मान घालून बसवेना. मी सांगून टाकलं. ती बराच वेळ माझ्या हातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ताईला होतं म्हणून कळलं असतं तर मी वर्षाच्या वर्षाला दाखवलं असतं." रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "शेजाऱ्यांना काय हवं ते सांग. डॉक्टरांना कशाला, आई?" दुसऱ्या दिवशी तिने मला परत नेऊन बसवलं. बाईंनी चष्मा काढला. "अहो, आम्ही इथे स्थळं नाही बघत," म्हणाल्या, आणि आकृतीत तुझं वय लिहिलं. सगळं गणितच फिरलं. आधी मावशीचं रक्त तपासलं. दोष निघाला, आईबापाकडून मुलांत उतरतो तसला. आता माझं दिलंय. माझ्यात नसेल तर लेक या फेऱ्यातून सुटली. असेल तर तिचंही तपासायचं, आणि तिच्यातही निघाला तर दरवर्षीची तपासणी आत्तापासूनच, चाळिशीची वाट बघायची नाही. वेळेत लक्ष ठेवलं तर गाठ लहान असतानाच सापडण्याची आशा असते, असं बाई म्हणाल्या. तुझ्या जावयालाही सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता.

लेकीने त्या मुलाला स्वतःच सांगितलं. मी म्हटलं, रिपोर्ट तरी येऊ दे. ती म्हणाली, "आला की परत सांगेन." तो म्हणाला, घरी बोलून कळवतो.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. दुसऱ्या कुणापाशी मी हे कबूल करणार नाही. हल्ली फोन वाजला की माझ्या मनात पहिल्यांदा त्या मुलाकडची माणसं येतात. हॉस्पिटलचाही फोन यायचाय, हे मागाहून आठवतं.