पायावरची आंघोळ

एटापल्ली,
दि. १४ नोव्हेंबर १९८५

ती. आईस,
प्रेमिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि. बाळी आणि मी दोघी खुशाल आहोत. तार पोचल्याचं बाबांनी कळवलं, पण तुझ्या पायाचं एक अक्षर लिहिलं नाही. प्लॅस्टर कधी निघणार? धानाच्या बांधीत घसरायला तुला हाच महिना सापडला का? पहिलं बाळंतपण माहेरी करीन, असं लग्नाच्या मांडवात चार लोकांसमोर बोलून बसली होतीस. आता तू तिकडे खाटेवर आणि मी इकडे सासूबाईंच्या ताब्यात.

राजुऱ्याहून त्या आल्या त्या बसच्या टपावर एक लाकडी पाट घेऊनच. शिवाय मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल, हळद, ओवा आणि धुरीसाठी वाळवलेली लसणाची सालं. राजुऱ्यात कोणाकडे पाळणा हलला की आंघोळीला पहिलं बोलावणं आमच्या या बायनाबाईंना जातं, हे तुला ठाऊकच आहे. दुसऱ्याच दिवशी पाट मांडला, पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, आण पोट्टीले. मी सांगितलं, नाळ सुकून पडेपर्यंत आंघोळ नाही, कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायचं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, पुसाले हे काय कंदिलाची काच आहे? तुझे जावई, मास्तर, तेवढ्यात शाळेत निघून गेले. रविवार होता गं.

आई, हसू नकोस. हा माझ्या पोटापाण्याचा आणि शब्दाचा प्रश्न आहे. पाड्यापाड्यांत फिरून मीच बायांना सांगते की नाळेला राख लावू नका, नाकाकानात तेल सोडू नका, कोंडून धुरी देऊ नका. आता त्याच बाया रोज माझ्या ओसरीवर येऊन बसतात, नर्सबाई आपल्या लेकराला काय करते ते पाहायला. घरातून ओव्याचा धूर निघाला तर उद्यापासून माझं कोण ऐकणार? आणि सासूबाई रुसून गेल्या तर रजा संपल्यावर पोरीला कोणाच्या भरवशावर टाकू? तशा त्या वाईट नाहीत. रात्रंदिवस माझं करतात, डिंकाचे लाडू स्वतः वळले. पण आंघोळीचा विषय निघाला की तोंड फिरवतात. दोनदा परत जायला थैली भरून झाली आहे.

तुझं त्या ऐकतील. दोन ओळी त्यांना लिही. बाबांना नमस्कार.

तुझी लाडकी (आता आई झाली तरी),
प्रेमिला

•

पोंभुर्णा,
दि. १८ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. प्रेमिला हिस,
आईचे पोटभर आशीर्वाद. पत्र पावलं. तुह्या बाबानं दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मीच वाचलं, कारण ते मधले मधले शब्द खाऊन राह्यले होते. पायाचं इचारू नको. प्लॅस्टरमंदी खाज सुटते तं मी फुटपट्टी घालून खाजवते, अन् तुहे बाबा म्हणतात डाक्टरले सांगीन. सांगा म्हणा.

आता आईक. तू नर्स आहेस दवाखान्यात. घरात तू सून आहेस. अवो, ते बाई इतक्या लांबून पाट घेऊन आली, पाट! माह्या दोन्ही बाळंतपणात माही सासू साधा लोटा घेऊन नाई आली. तिले काऊन दुखवते? लेकरू काय वितळून जाणार आहे का पाण्यानं? तुलेही तं आजीनं, माह्या मायनं, तसंच न्हाऊ घातलं, ऊन ऊन पाण्यानं, अन् आता पाहा कशी सगळ्या जगाले शिकवून राह्यली. त्याइले म्हण, आई, तुमीच सांगाल तसं. चार दिवस वाकलं तं कंबर नाई मोडत. तुह्या शब्दाचं नंतर पाहू, आधी घर पाहा.

पोट्टीचं नाक कोणावर गेलं ते लिहिलं नाईस. मास्तरावर गेलं असन म्हणूनच लपवून राह्यली.

लोभ तुह्यावर होता, आता थोडा तिच्यावर वळवला आहे, राग मानू नको.

तुही आई
केसरबाई

•

पोंभुर्णा,
दि. १८ नोव्हेंबर १९८५

विहीणबाई बायनाबाई यांस,
केसरबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि. माह्या लेकीचं बाळंतपण तुमच्या गळ्यात पडलं, याची मले लाज वाटते. माहा पाय धड असता तं मी बैलबंडीनं आली असती. तुमी केलं ते सख्खी बहीण नाई करत.

एक हात जोडून सांगते. पोट्टी लहानपणापासून हट्टी आहे, पण या कामात तिले कळते. सरकारनं चंद्रपुरात ठेवून शिकवलं आहे. ते पुसा म्हणते तं पुसा, बाई. तिची नोकरी तिच्या बोलण्यावर आहे. पाड्यावरच्या बाया पाहून राह्यल्या आहेत म्हणे. तुमच्या हातातली कला सगळ्या राजुऱ्याले माहीत आहे, ते कुठी जात नाई. मोठेपणा तुमी घ्या. ते म्हणन तसंच होऊ द्या.

मी असं लिहिलं हे प्रेमिलाले सांगू नका, नाई तं ते डोक्यावर बसन. जावईबापू हरिदासरावांले आशीर्वाद.

तुमच्या मायेची उधारी ठेवणारी,
केसरबाई

•

एटापल्ली,
दि. २५ नोव्हेंबर १९८५

ती. आईस,
सप्रेम जयभीम. आई, तू काय करून ठेवलंस?

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी खोलीत जाऊन खूप रडले. मग म्हटलं, आई म्हणते तर असेल. नाळ शनिवारीच पडली होती, बेंबी कोरडी, म्हणजे आंघोळीला माझीही हरकत उरली नव्हती. बाहेर आले, मान खाली घातली आणि म्हणाले, आई, तुमीच सांगाल तसं, घाला आंघोळ. वाटलं, आता पाट वाजणार. तर सासूबाई काय म्हणाव्या? म्हणे, नाई बाई, तुह्यं ज्ञान मोठं, पुसूनच घेऊ. मी म्हटलं, नाही, आता पुसायचं कारण नाही. त्या म्हणाल्या, कारण कसं नाई, सरकारनं शिकवलं आहे तुले.

ओसरीवर पाच-सहा बाया बसलेल्या. त्यांच्यासमोर आम्ही दोघी एकमेकींना पंगतीत पहिल्या पानाचा आग्रह केल्यासारखं करत होतो. चूल विझली, पाणी थंड झालं. पुन्हा तापवलं, पुन्हा थंड झालं. शेवटी दोघींनीही हात लावला नाही आणि पोरगी तशीच झोपी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या डोमाची बायको तिच्या पोटुशा जावेला सांगत होती की आंघोळच घालायची नाही अशी नवी पद्धत सरकारनं काढली आहे! आता बोल.

काल संध्याकाळी न राहवून मी म्हटलं, माझ्या आईनंच तुमचं ऐकायला लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, मलेही तुह्याच आईनं तुह्यं ऐकाले लिहिलं आहे. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मास्तर शाळेतून घरी आले. पण हसून झाल्यावर सासूबाई थैली काढून भरायला बसल्या. म्हणाल्या, माह्या हातचं तुले नको होतं ते नकोच आहे, आता विहीणबाईच्या भिडेनं घेऊन राह्यली, मी परवाच्या बसनं जाते. मी खूप विनवलं. त्या ऐकत नाहीत. या वेळी थैलीला दोरी बांधली आहे.

खरं सांगू? त्यांच्या हातचं मला नको नाही. मला त्यांचा हात हवा आहे, फक्त धुरी आणि कानातलं तेल नको. हे साधं मी त्यांना पहिल्या दिवशी का सांगू शकले नाही, कोण जाणे. नर्ससारखीच बोलले मी. आता तूच काही कर. नको, काहीच करू नकोस.

प्रेमिला

ता. क. नाक तुझ्यावर गेलं आहे. म्हणून लिहिलं नव्हतं.

•

एटापल्ली,
दि. २६ नोव्हेंबर १९८५

विहीणबाई केसरबाई यांस,
बायनाबाई, चौथी पास, हिचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुमची लेक म्हणते, आईले तुमीच लिहा, माह्यावर ते भरवसा नाई करणार. म्हणून लिहून राह्यली. दोघींले दोन पत्रं लिहिणाऱ्या बाई तुमी! वकील झाल्या असत्या तं दोन्हीकडून फी घेतली असती.

मी आज बसनं गेली नाई. कारण सांगते.

सकाळी मी थैली दारात ठेवली अन् म्हटलं, जाता जाता एक डाव लेकराले न्हाऊ घालून जाऊ. प्रेमिलाही लगेच हो म्हणाली. म्हणाली, मालिश तुमची, तेल तुमचं, पाणी मात्र मी हाताच्या कोपरानं पाहीन, अन् धूर नाई. मी म्हटलं, बरं. बाया आल्याच होत्या. मी पाट मांडला, पाय पसरले. प्रेमिला कपडा धरून दाराशी उभी राह्यली.

तिथी उभी राह्यलेली तिले पाह्यलं अन् मले काय झालं सांगू? बाई, मी राजुऱ्याच्या अर्ध्या पोट्ट्याइले न्हाऊ घातलं, पण माह्या हरिदासले मी एकदाही आंघोळ घातली नाई. आमच्या घरी तसंच होतं. सासू घाले, मंग मोठी जाऊ घाले, अन् मी कपडा धरून दाराशी उभी. माह्या हाती आला तवा तो आपल्या हातानं लोटा घेऊन न्हात होता. मले वाटे, नातवंड येईन तवा पोटभर घालीन. म्हणूनच पाट घेऊन आली होती. म्हणूनच पुसा म्हटलं तं मले राग आला. लेकीच्या नर्सपणाचा राग नाई आला, विहीणबाई, माही पाळी पुन्हा गेली याचा आला.

मी पाटावरून उठली. प्रेमिलाले म्हटलं, तू बस. ते म्हणाली, मले येत नाई. शेकडो बायांले शिकवते, अन् येत नाई! मी तिचे पाय पसरवले, तिच्या पायाच्या नळ्यांवर पोट्टीले पालथं ठेवलं. प्रेमिलानं तिले असं भीत भीत धरलं होतं का ओसरीवरच्या बाया हसाले लागल्या. डोमाची बायको मोठ्यानं म्हणाली, नर्सबाई, पोरगी पडन! मी लोट्यानं पाणी सोडलं, कोपर लावूनच सोडलं, अन् सांगत गेली, मान अशी धर, काखेत असं चोळ. पोट्टी आधी रडली, मंग पाठीवर पाणी पडताच चूप झाली. पाह्यलं तं प्रेमिला रडून राह्यली होती. नाकाकानात तेल नाई, धूर नाई, तरी लेकरू लाल लाल होऊन झोपलं. डोमाची बायको जावेले म्हणाली, आपलं लेकरू झालं का असंच करू, पण पाणी घालाले हेच बाई पाहिजे. म्हणजे तुमच्या लेकीचा शब्द राह्यला, अन् माहाही थोडा राह्यला.

मंग प्रेमिलानं इचारलं, आई, तुमी मास्तरांले अशी आंघोळ कवा घातली? मी खोटं बोलणार होती. पण बोलवेना. सांगून टाकलं. तिनं झोपलेली पोट्टी उचलून माह्या पायांवर आणून ठेवली. मी लगेच लोट्याले हात घातला, तं तिनं लोटा काढून घेतला. म्हणाली, "आज नाही, दुसऱ्यांदा घातली तर सर्दी होईल. उद्या सकाळी तुमची पाळी."

तवापासून चुलीपाशी लाकडं रचून ठेवली आहेत. हरिदास हसून राह्यला, म्हणते मायले आज झोप लागत नाई. हसू द्या. उद्या सकाळी माही पाळी आहे.

तुमचा पाय लवकर चालू व्हावा अन् आपली गोडी अशीच ओली राहावी,
बायनाबाई