पप्पांच्या कोटाची बटणं

प्रिय पप्पा,

तुम्ही गेल्यापासून जपलेला तुमचा तपकिरी कोट मी चर्चमधल्या गरजूंच्या खोक्यात टाकला. रागावू नका. यांचा कारखाना बंद पडल्यावर देण्याजोगं तेवढंच उरलं होतं, आणि चर्चला रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तुमचंच. बटणं तुटलेली होती, म्हणून जरा लाज वाटली.

काल चर्चच्या पाळकबाई गाठोडं घेऊन दारात आल्या. मी म्हटलं, "बाई, घर चुकलात."

"नाही गं," एवढंच म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठोडं सोडलं, तर आत तुमचाच कोट, काळी बटणं लावलेला.

आज हे तोच घालून काम शोधायला गेलेत. जावई तुम्हाला कधी पटला नाही; कोट मात्र त्यांना बेतल्यासारखा बसला.

पाळकबाईंनी काल आपल्या काळ्या कोटाला पिना लावल्या होत्या. का, ते आत्ता उमगलं.

तुमचीच,
धाकटी