तलावातला मासा

बाबा, लिहिण्यात चुका असतीन तर पोटात घालजा. मी एका बोटानं टाइप करून राहिली, अन मोबाइलची काच उजव्या बाजूनं तडकली आहे, तिकडली अक्षरं दोन-दोनदा दाबा लागते. म्हणून वेळ लागते. तुम्ही गेले तवा मी चौथीत होती. नववीत मी शाळा सोडली. आईची पाठ धरली होती, घरी कोणी पाहिजे होतं, असं सगळ्याइले सांगितलं. पण वर्गात उभं राहून वाचा लागे अन माझा आवाजच निघत नसे, म्हणून सोडली. आता महाल भागात एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. पासपोर्ट फोटो काढते. लोकाइले म्हणते, "हनुवटी खाली घ्या, हलू नका." दिवसभरात तेवढंच बोलते.

आज रविवार आहे, दुपारचे दोन वाजले. सकाळी जे झालं ते आईले सांगितलं नाही. तुम्हाले सांगून राहिली, काहून का ते तुमच्याच फोटोचं आहे.

दुकानात एक ताई येते प्रिंट काढाले, कॉलेजात शिकवते. तिनं माझ्या मोबाइलमधले फोटो पाहिले अन मले त्याइच्या ग्रुपमंधी घेतलं. हौशी लोकाइचा ग्रुप आहे. बँकेतून रिटायर झालेले एक काका तो चालवते. सोमवारी सकाळी काका एक विषय टाकते, कधी 'सावली', कधी 'गंज', कधी 'वाट'. शनिवारी संध्याकाळपर्यंत एकानं एकच फोटो टाकाचा. त्याच हप्त्यात काढलेला पाहिजे अन स्वतः काढलेला पाहिजे. मंग रविवारी पहाटे सगळे गाड्याइत बसून बाहेर जाते, कुठं तलाव, कुठं टेकडी, कुठं नुसतं वावर, उजेड चांगला भेटला पाहिजे बस. मी मागच्या सीटवर खिडकीजवळ बसते. सहा महिने झाले, ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. फोटो टाकते अन मोबाइल पालथा ठेवून देते. 'गंज'ले मी आपल्या मोरीच्या दाराची कडी टाकली होती. एक अंगठा आला, ताईचा. तो अंगठा मी दहादा पाहिला असन. शाळा सोडल्यावर मले कोणी कुठं घेतलं असन तर तिथंच, बाबा. म्हणून मले त्या ग्रुपची एवढी पडली आहे.

पंधरा दिवसांमागं विषय आला, 'थांबलेलं पाणी'. अन काकानं खाली लिहिलं का ह्या वेळी ज्याचा पहिला नंबर येईन त्याले ते आपला कॅमेरा महिनाभर वापराले देतीन. खरा कॅमेरा. तुमचा डब्यात पडला आहे, त्याचं बटन दबते पण आत काही हलत नाही. मले तो कॅमेरा पाहिजेच होता. पण त्या हप्त्यात दुकानात ॲडमिशनवाल्याइची गर्दी, जेवाले फुरसत नाही. पाणी म्हणून मले फक्त बकेटीतलं दिसलं. बकेटीचे तीन फोटो काढले. तिन्हीत ट्यूबलाइट दिसून राहिली होती.

शनिवारी दुपारी मी घरून बिस्किटाचा डबा दुकानात नेला. तुमच्या निगेटिव्ह त्याच्यातच आहे अजून. तुम्ही कामाले होते त्या स्टुडिओवाल्यानं फिल्म बंद करून डिजिटल घेतलं तवा तुम्हाले जुना कॅमेरा अन तारीख गेलेले रोल दिले होते, ते सगळं तुम्ही रविवारी झाडा-पाण्याचे फोटो काढण्यात संपवलं, आई अजून बोलते त्याच्यावरून. एका पाकिटावर तुमचं अक्षर होतं. 'उमरेड रोड. तलाव. मासा.' मी ती पट्टी खिडकीच्या काचेले लावली, मागून पांढरा कागद, मोबाइलनं फोटो घेतला, कंप्यूटरवर रंग उलटे केले अन ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला. काठावर बारीक नंबर होते ते फोटोतून कापले. पासपोर्ट फोटोची सवय, काठ दिसला का हात कापालेच जाते.

फोटो असा उघडला का मी खुर्चीवरून उठली, बाबा. डाव्या हाताले पाण्यावर वाकलेलं झाड, उजव्या हाताले दगडी पायऱ्या, मधात पाणी काचेसारखं. मी तो ग्रुपवर टाकला. खाली काहीच लिहिलं नाही. माझा आहे असंही नाही, तुमचा आहे असंही नाही. मले वाटलं, काही लिहिलं नाही तर खोटं होत नाही.

रविवारी काकाचा मेसेज आला. पहिला नंबर. "बेटा, कुठं लपली होती तू इतके दिवस? कुठचा तलाव आहे हा?" मंग चाळीस लोकाइचे अंगठे, फुलं, टाळ्या. मी लिहिलं, "उमरेड रोड." ग्रुपवरचे माझे पहिले दोन शब्द, अन ते खरे होते. काकानं लगेच लिहिलं, "पुढचा रविवार तिथंच. रस्ता तू दाखवजो. कॅमेरा तलावावरच देतो." एक कॉलेजातला पोरगा आहे, त्याचा दुसरा नंबर होता. त्यानं लिहिलं, "उमरेड रोडचे सगळे तलाव आपण फिरलो काका, हा कुठून निघाला?"

तो हप्ता कसा गेला मलेच माहीत. काकाले तीनदा सगळं टाइप केलं अन तीनदा पुसलं. एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डावर दुसऱ्याचा फोटो लॅमिनेट केला, मालक म्हणे, "लक्ष कुठं आहे वं तुझं?" बुधवारी आईले विचारलं का तो तलाव कुठं आहे. आई भाकर थापून राहिली होती. "काहून? तिथं काय ठेवलं आहे?" मी म्हटलं, फोटो काढाचे आहे. तिनं रस्ता सांगितला, फाटा, शाळा, मंग डावीकडं आत. मंग म्हणे, "तो मासावाला तलाव ना? किती दिवस सांगत होता तुहा बाप लोकाइले, फोटो काढला अन नेमका मासा उडाला म्हणून. मेहमान आले का पहिले मासा, मंग चहा." ती हसली. मी नाही हसली.

तो दिवस मले याद आहे. मी सहा वर्षांची आहे, लुनावर तुमच्या समोर उभी, हँडल धरून. तुम्ही काठावर उकिडवे बसले आहे अन रोलमधी एकच फोटो उरला आहे. हवा थांबत नाही. पाणी हलून राहिलं आहे. तुम्ही बोलत नाही, बिडीही पेटवत नाही. मी एक गोटा उचलून टाकते, डुबुक. तुम्ही असे वळता का मी मागं सरकते. "हात आवर! तुले काही समजते का नाही? पाणी थांबू दे." एवढ्या जोरानं तुम्ही मले कधी बोलले नव्हते. मंग पुन्हा तेच, पाणी अन तुम्ही. लय वेळानं हवा पडते. तुम्ही डोळा लावता. खट. अन मंग विचारता, "त्या कोपऱ्यात काय उडालं ते?" मी म्हणते, "मासा." तुमचा चेहरा असा खुलते का मले घरापर्यंत मान वर करता येत नाही.

आज पहाटे दोन गाड्या निघाल्या. मी समोर, काकाच्या बाजूले, रस्ता दाखवाले. फाटा आला, शाळा आली, तलावही आला. पाणी कमी झालं आहे पण झाड आहे, पायऱ्या आहे. सगळे उतरले. काकानं मोबाइलवर तो फोटो उघडला अन समोर धरला. मंग ते दहा पावलं उजवीकडं गेले. मंग डावीकडं आले. मंग तलावाच्या पाळीवरून पार त्या टोकाले गेले अन वापस आले. मी हात दाखवून म्हटलं, "इथूनच." पण झाड उजवीकडं होतं, बाबा. पायऱ्या डावीकडं होत्या.

तो पोरगा म्हणे, "काका, तलावानं कूस बदलली वाटते." सगळे हसले. काका नाही हसले. त्याइनं चष्मा वर केला. "उलटा आहे हा फोटो. आरशातल्यासारखा."

तवा मले समजलं. मी निगेटिव्ह उलट्या बाजूनं धरली होती. आजोबाचे हातमाग विकले गेले तरी तुमची सवय नव्हती गेली, कोणाच्याही घरी लुगडं दिसलं का पहिले काठ हातात घेत, उलटून पाहत, अन मले दाखवत, "काठ पाह्य, सुलटी बाजू कोणती ते काठच सांगते." निगेटिव्हचंही तसंच असन, काठावरचे नंबर सुलटे वाचता आले पाहिजे. अन मी विणकराची नात, मी काठच कापून टाकला.

काकानंच मले वाट काढून दिली. "उलटवला का वं तू? चांगला दिसावा म्हणून? करते लोक, काही गुन्हा नाही." मी मान हलवली. हो म्हणून. इतकं सोपं होतं ते. ताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. काकानं गळ्यातून कॅमेऱ्याचा पट्टा काढाले घेतला, अन मंधातच थांबून फोटो बोटानं मोठा केला. कोपऱ्यात पाण्यावर एक गोल होता, बारीक, बांगडीएवढा. "पाणी तर थांबलेलं आहे, मंग हे वलय कशाचं? मासा होता का?"

सगळे माझ्याकडं पाहून राहिले. पुन्हा मान हलवाचीच होती फक्त. मासा म्हटला का कॅमेरा माझा. पण ते मासा म्हणाले अन मले तुमचा चेहरा दिसला. मी म्हटलं, "नाही. मी गोटा टाकला होता."

काका हळूच म्हणाले, "तू गोटा टाकला. मंग फोटो कोणं काढला?"

"माझ्या बाबानं."

मंग मी बोलली, बाबा. उभी राहून. रोलमधला शेवटचा फोटो, लुना, डबा, खिडकीची काच, सगळं. आवाज निघाला. तो पोरगा म्हणे, "म्हणजे चीटिंगच झाली ना सीधी." ताई म्हणे, "गप बस बरं तू." काका म्हणे, "त्याले काहून चूप करता? बरोबर बोलून राहिला तो. नियम म्हणजे नियम." त्याइनं कॅमेरा त्या पोराच्या गळ्यात घातला. त्यानं घेतला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. येताना मी मागच्या सीटवर बसली. महालात उतरताना काका खिडकीतून म्हणाले, "ती निगेटिव्ह आणून दाखवजो मले एकदा. काठासकट." हसले नाही, रागावलेही वाटले नाही. मले काही समजलं नाही. घरी आल्यापासून तीनदा पाहिलं, ग्रुपमधून अजून काढलं नाही. उद्या सोमवार आहे. विषय मले दिसन का नाही, ते उद्या समजन.

हे तुम्हाले पाठवता येत नाही. तुमचं सिम आईनं बंद नाही केलं, मलेच दिलं, तुमचा नंबर आता माझा आहे. पाठवलं तर मलेच येईन. म्हणून इथंच ठेवून देते.

एक राहिलं, ते तिथं काकाले नाही सांगितलं. पहिला गोटा मी खेळता खेळता टाकला होता. दुसरा तसा नाही. तुम्ही डोळा लावला तवा मी जाणून टाकला. तुम्ही इतका वेळ पाण्याकडं पाहून राहिले होते, अन माझ्याकडं एकदाही नाही.

अन आताच आईनं आवाज दिला, बाजूच्या काकूचं पोरगं पोलीस भरतीत लागलं. गल्लीत फटाके सुरू झाले, पेढे वाटून राहिले. आई म्हणे, उठ वं, जा लवकर, नाही तर संपतीन.