सुईवरचा हात

पहिला कागद फाडला. त्यात पहिल्याच ओळीत सिनेमाला शिवी होती. वकीलबाई म्हणाल्या, "काझ, शिवीनं सुरू झालेलं मृत्युपत्र शुद्धीत लिहिलंय, हे मी कोर्टाला कसं पटवू?" म्हणून पुन्हा लिहितो.

मी काझिमिर व्होइटोविच, वय ७१, रेडिओ केंद्राचा निवृत्त तंत्रज्ञ. डोकं ठिकाणावर आहे. फक्त तापलेलं आहे.

१. घर आणि बचत बहीण स्टेला हिला. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिनं बदलू नये. बदलेलच.

२. हत्यारांची पेटी लेरॉय टिबेटला. माझं ड्रिल दोन वर्षं त्याच्याकडे आहे. ते आधी पेटीत आणून ठेवावं, मग पेटी न्यावी.

३. या शहराला रॉक अँड रोल पहिल्यांदा ऐकवणारा निवेदक डेनी रूर्क. त्याच्यावर सिनेमा काढणाऱ्या कंपनीला माझा एक फोटोही देऊ नये. सिनेमात डेनी दाराला कडी घालतो, मालकाला न जुमानता एकच गाणं अकरा वेळा लावतो. स्वतःच्या हातानं! युनियनच्या नियमानं निवेदकाला तबकडीला बोट लावायची मुभा नव्हती. तो काचेपलीकडून खूण करायचा, सुई मी ठेवायचो. दिग्दर्शकाला तीनदा सांगितलं. म्हणाला, "काका, काचेमागचा माणूस पडद्यावर दिसत नाही हो." अरे, काच होती, भिंत नव्हती!

४. मार्च १९५५. मालकाचं फर्मान आलं की काळ्या गायकांची गाणी आत्ताच्या आत्ता बंद. डेनीनं गळ्यावरून बोट फिरवलं, म्हणजे थांबव. मी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली. अकरा वेळा. कडी मी घातली होती, माझ्या खोलीच्या दाराला. डेनीचा माईक मी प्रक्षेपणातून काढला, पण कार्यक्रम मी नेहमी कोऱ्या तबकडीवर उतरवून घ्यायचो, तिच्यात तो ऐकू येतो: "काझ, बंद कर ना रे! नोकरी जाईल माझी. घरात चार महिन्यांची पोर आहे!"

ती पोर म्हणजे मॉरीन. तिनं सिनेमा चार वेळा पाहिला. रविवारी इथं बसून विचारलं, "काझकाका, बाबा खरंच जराही घाबरले नव्हते?"

मी म्हटलं, "कॉफी गार होतेय."

स्टेला म्हणते, फोडून टाक ती तबकडी. फोडू नये. मॉरीनला द्यावी. विचारलंय तिनं. पण तबकडी त्या दुपारीच संपते, म्हणून सह्यांखालचा मजकूर पाकिटावर चिकटवल्याशिवाय ती तिच्या हाती देऊ नये.

सही: काझिमिर व्होइटोविच
साक्षीदार: ओपल हॅनकॉक, शेजारीण, वॉल्टर निमायर, पोस्टमन
टोलेडो, ओहायो. ९ ऑक्टोबर १९७८

पाकिटावरचा मजकूर:

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता डेनी मालकाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "सुई मी ठेवत होतो." मालकाला ते खरं वाटलं, कारण तबकड्या कोण वाजवतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. साडेआठला डेनी आपला कप आणि टोपी घेऊन घरी गेला. नऊ वाजता मी नेहमीसारखा कामाला बसलो.