भुरका

आप्पा, आज मी कामासाठी लीड्सला गेले होते. काम लवकर आटपलं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून माझ्या तिथल्या जुन्या घराच्या बाजूला सहज चालत गेले. कोपऱ्यावरचं ते जपानी हॉटेल आता राहिलेलं नाही. तिथे मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलून देतात. दारावर निळा पडदा लटकायचा, त्याची दांडी तेवढी कुणी काढलेली नाही. समोरच्या फुटपाथवर पाच-दहा मिनिटं उभी राहिले आणि मला तुमचा इतका राग आला की माझं मलाच नवल वाटलं. तुम्हाला जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. आता गाडीत बसून हे लिहिते आहे, आणि शेजारची बाई माझ्या कागदाकडे बघत नाही असं दाखवते आहे.

घरापासूनच सुरुवात करते. सांगलीतल्या आपल्या मधल्या खोलीतलं ते जेवणाचं टेबल, गल्लीतलं पहिलं. तुम्ही हायस्कुलात इंग्रजी शिकवायचात, आणि आपल्या पोरीनं इंग्लंडला जायचं हे तुम्ही मी पहिलीत असतानाच ठरवून टाकलं होतं. जायचं म्हणजे तयारी हवी. कोल्हापूरहून काटे-चमचे आले. पोळी सुरीनं कापायची, ती ताटभर पळायची, आणि हसायचं नाही. रविवारी पांढरा रस्सा असायचा, त्याचं सूप व्हायचं. चमचा आपल्यापासून पलीकडे न्यायचा, मग भरायचा, कडेनं प्यायचा, आणि आवाज होता कामा नये. झाला की तुम्ही बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायचात. पुन्हा झाला की माझी वाटी उचलून न्यायचात. आठवड्याभरानं मिळणाऱ्या रश्श्याची वाटी समोरून जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला नीट ठाऊक होतं. "साहेब लोक जनावरासारखे जेवत नाहीत," असं म्हणायचात. तोवर तुम्ही एकही साहेब जेवताना पाहिलेला नव्हता. ते सगळं कुठल्या तरी जुन्या पुस्तकातलं होतं.

मी शिकले. लहान मुलं काहीही शिकतात. आई शिकली नाही. ती कृष्णाकाठच्या खेड्यातली, रस्सा प्यायचा तर वाटी दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटायचे आणि लांब भुरका मारायचा, एवढंच तिला माहीत. त्या आवाजात काही वाईट नव्हतं हो. दिवसभर राबलेलं माणूस पहिल्यांदा टेकलं की जसा सुस्कारा टाकेल, तसा तो होता. तुम्ही तिच्यापुढेही टकटक केलीत. ती दचकून वाटी खाली ठेवायची आणि दोन घासांनी पुन्हा विसरायची. मी चौथीत असताना एका रविवारी तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू आत बसून जेव. पोरीला वाईट सवय लागेल." ती भांडली नाही. ताट उचलून आत गेली, मागच्या दाराशी भिंतीकडे तोंड करून बसली, आणि त्यानंतर तिची जागा तीच. मी टेबलावर सूप पिते आहे, आतून भुरका ऐकू येतो आहे आणि तुम्ही हात लांब करून रेडिओ मोठा करता आहात. आपली रविवारची जेवणं मला अशीच दिसतात.

पुढे तुमच्या मनासारखं झालं. लीड्सच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं सहा आठवड्यांसाठी आलात. तुम्ही साधं पोस्टात जायचं तरी टाय लावायचात. बसच्या ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणताना तुमचा चेहरा फुलून यायचा. मला ते बघून हसू यायचं आणि मायाही वाटायची, हेही लिहायला हवं. ते जपानी हॉटेल माझ्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. सहा टेबलं, चुलीसमोर बसून खायला एक लांब फळी, आत चुलीशी म्हातारा आणि बाहेर वाढायला त्याची बायको. ड्युटी संपली की मी तिथे रामेन खायला जायची. रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यात रस्सा, त्यात लांब शेवया, वर अंडं आणि कांद्याची पात. पहिल्या दिवशी मी तुमच्या शिकवणीप्रमाणे चिडीचूप खाल्लं, तर ती बाई काळजीनं विचारायला आली की बिघडलंय का काही. त्यांच्यात शेवया आवाज करत ओढायच्या असतात. गुपचूप खाणाऱ्याला जेवण आवडलेलं नाही असं ते धरून चालतात. म्हणजे तुम्ही येण्याच्या आधीपासून मला हे माहीत होतं.

तुम्हाला तिथे घेऊन जायचा तो शनिवार. दुपारी बाराचा सुमार, तुम्ही आरशासमोर टायची गाठ मारताय. आई सकाळपासून जांभळी साडी नेसून तयार आहे, वर माझा स्वेटर. तुम्ही आरशात बघतच म्हणालात, "तिला कशाला? काड्यांनी खायला जमायचं नाही तिला. आणि तिचा तो आवाज. परक्या लोकांत उगाच शोभा." आईनं माझ्याकडे पाहिलं. मी चपला शोधत होते. "जावा तुमी," ती म्हणाली, "मला काय ते झेपायचं न्हाई. भात हाय कालचा." आणि तिनं पदराची पिन काढून स्वेटरला खोचून ठेवली, हरवू नये म्हणून.

वाडगे आले. डुक्कर नको म्हणून मी कोंबडीचं सांगितलं होतं, आणि आलं ते दिसायला थेट आपला पांढरा रस्सा. तुम्ही वाकून बघितलंत. "अगं, रस्साच की हा," म्हणालात आणि क्षणभर चक्क घरचे दिसलात. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून सुर्र आवाज आला. मग पलीकडून. तुमचं बोट आपोआप टेबलावर टकटकलं. कुणासाठी, ते तुमचं तुम्हालाही कळलं नसेल. तुम्ही चमचा पलीकडे नेत, कडेनं, बिनआवाजी प्यायला लागलात. शेवया घसरत होत्या. ती बाई आलीच. "नॉट नाइस?" तिनं विचारलं. "व्हेरी नाइस, मॅडम, थँक यू," तुम्ही खुर्चीतून अर्धे उठून म्हणालात.

आणि मग तो साहेब. फळीपाशी बसलेला, पिकलेल्या मिशांचा, टाय लावलेला, शेजारी घडी घातलेला पेपर. तुम्ही आयुष्यभर ज्याच्या नावानं आम्हाला धाक घातलात तो अगदी हाच असणार. त्यानं वाडग्यावर वाकून शेवया अशा ओढल्या की आवाज सगळ्या हॉटेलात गेला. मग दोन्ही हातांनी वाडगा उचलला, उरलेला रस्सा भुरका मारून संपवला आणि मिशा पुसल्या. तुम्ही त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होतात. मग चमचा खाली ठेवलात. वाडगा दोन्ही हातांत घेतलात. डोळे मिटलेत. आणि आप्पा, तुम्ही भुरका मारलात.

तो नवशिक्याचा भुरका नव्हता. पोटातून आलेला, लांब, सराईत, हुबेहूब आईसारखा. तेव्हा मला कळलं की तुमच्या आईच्या चुलीपुढे तुम्हीही असेच वाढला होतात, आणि चाळीस वर्षं तुम्ही तो कोंडून ठेवला होतात. ती बाई खुशीत हसली, तिनं आत नवऱ्याला काहीतरी सांगितलं, त्यानं चुलीपासून मान लववली. तुम्हीही लववलीत. "या लोकांची हीच पद्धत दिसते," मला म्हणालात. "प्रॉपर मॅनर्स आहेत ते." आईची पण हीच पद्धत आहे, आप्पा. एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य मी शेवयांबरोबर गिळलं, अजिबात आवाज न करता.

घरी आलो तर आईनं जेवून ताट धुऊन पालथं घातलेलं. "काय खाल्लासा?" तिनं हौसेनं विचारलं. "शेवया. सूपमधल्या," तुम्ही म्हणालात. "तुला आवडल्या नसत्या." ती म्हणाली, "असू दे की." रश्श्याचं नावही तुम्ही काढलं नाहीत. तरी मी दोन दिवस आशेवर होते. वाटत होतं, माणसाला एवढं उघड दिसल्यावर काहीतरी हलेल. सोमवारी मी कढी केली. आई माझ्या घरी, माझ्या टेबलावर बसली होती. तिनं वाटी तोंडाला लावली, भुरका मारला, आणि तुम्ही बोटानं टकटक केलीत. दोनदा. साहेबानं केलं तर मॅनर्स आणि तिनं केलं तर जनावर. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. माझं स्वयंपाकघर इतकं अरुंद की तिला बसायलाही जागा नव्हती. वॉशिंग मशीनवर ताट ठेवून ती उभ्यानं जेवली. मी तुमच्यासमोर बसून कढी संपवली. तो दिवस आठवला की मला तुमच्याइतकीच माझी चीड येते.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा मी टेबलावर तुमच्या खुर्चीसमोर आईचं पान मांडलं. म्हटलं, "आई, आता इथे बस. कुणी काही म्हणत नाही." तिनं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "नगं गं. आतच बरं वाटतंय मला." मागच्या दाराशी, भिंतीकडे तोंड. त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि सहा वर्षं तिथेच जेवली. तो साहेब, त्याच्या मिशा, तुमचा भुरका, हे सगळं मी तिला एकदाही सांगितलं नाही. ती किती हसली असती. ही शिक्षा उगाचच होती एवढं तरी तिला समजलं असतं. जवळपास दरवर्षी सुट्टीला गेले, दर वेळी सांगायचं ठरवलं, आणि दर वेळी काहीतरी आड आलं.

काय आड यायचं ते मला ठाऊक आहे. हे पत्र पोस्टात पडणार नाही, घरी पोचल्यावर मी ते फाडीन, तेव्हा लिहायला हरकत नाही. सांगितलं असतं तर तिनं साहजिकच विचारलं असतं, "मग मला का न्हाई न्हेलंस?" आणि मला तुमचं नाव पुढे करता आलं नसतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, ड्युटीवरून येताना मी त्या हॉटेलात डोकावले होते. खिडकीजवळचं टेबल उद्यासाठी ठेवा म्हणाले, माझे आई-वडील आलेत इंडियाहून. ती बाई वही काढून म्हणाली, "थ्री पीपल?" तिला नेऊ नको असं तुम्ही अजून एका शब्दानं बोलला नव्हतात, आप्पा. टायची गाठही दुसऱ्या दिवसाची होती. मी म्हणाले, "नो, टू."