डिलीट केलेला शिवजयंतीचा फोटो

हर्नडन, व्हर्जिनिया
रविवार, ९ मार्च

प्रिय रेणूवहिनी,

सप्रेम नमस्कार. रोज ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्या नणंदेला आज पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणशील. म्हण. इथे सगळं ठीक आहे. आजच घड्याळं तासभर पुढे केली, त्यामुळे अनया अजून लोळतेय आणि कॉफीला उशीर झाला म्हणून गिरीश फुरंगटून बसलाय. आईचे गुडघे कसे आहेत? राजसची परीक्षा कशी चाललीय?

आमच्या मंडळातल्या मीनाक्षीकाकू परवा पुतणीच्या लग्नाला चिपळूणला निघाल्यात. त्यांच्याबरोबर बदाम, आईच्या गोळ्या आणि राजसचे बूट पाठवतेय. हे पाकीट डाव्या बुटात आहे. "खोक्याला एवढा सेलोटेप कशाला गं, सोनं पाठवतेस की काय?" काकूंनी विचारलंच. मी हसले. पण हल्ली कोणी साधं विचारलं तरी मला त्यात चौकशीच दिसते.

फोन का नाही केला? फोनवर बोललेलं कुठे जातं, कोण ऐकतं, याचा मला आता भरवसा वाटत नाही. माझ्या ऑफिसचा वाटत नाही, दादाच्या जहाज कंपनीचा वाटत नाही, आणि राग मानू नकोस, पण तुझाही वाटत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. "अमेरिकेत जाऊन जहाजांच्या चहाड्या करते," असं तूच चारचौघांत हसून सांगतेस. कुठलं टँकर-जहाज कुठे तेल भरतं, मधेच सिग्नल बंद करून कुठे गायब होतं, नाव बदलून, नवा रंग फासून परत येतं का, ते आम्ही बँकांसाठी शोधतो. निर्बंध असलेल्या देशाचं तेल वाहिलं की ते जहाज आमच्या दृष्टीने चोर. इराणवरचे निर्बंध तर इथल्या सरकारने जाहीर केलेल्या 'आणीबाणी'वर चालतात आणि ती दरवर्षी वाढवावी लागते.

दिवाळीला दादाचा फोन आला होता. तब्येत-पाणी झालं आणि मग तो एकदम म्हणाला, "काय गं आसू, तुमची ती इराणची आणीबाणी यंदा उठणार म्हणतात, खरं का? तू तर त्याच लायनीतली." मी म्हटलं, "तुला कशाला रे चौकशी? तू तर मलेशियाच्या फेऱ्या मारतोस ना?" तो हसला आणि आईकडे गाडी वळवली. आपला मिहीरदादा, जो पेपरात क्रिकेटच्या पलीकडे काही वाचत नाही, तो मला आणीबाणीबद्दल विचारतो! तेव्हाच पाल चुकचुकली.

मग आली शिवजयंती. जहाजावरच्या पोरांनी हौसेने उत्सव केला. महाराजांच्या तसबिरीला चौकट हवी म्हणून डेकवरची, बुडत्याला फेकायची गोल लाइफ रिंग काढली, तसबीर मधोमध बसवली, भोवती कागदी झेंडू लावले. शेजारी दादा फेटा बांधून उभा, असा फोटो त्याने ग्रुपवर टाकला. किती छान दिसत होता गं! मी हार्ट टाकलं, आणि मग सवयीने फोटो मोठा करून पाहिला. रिंगवर जहाजाचं नवं नाव होतं आणि त्या पांढऱ्या रंगाखालून जुनं नाव वर आलं होतं. 'ब्लू कमेलिया'. अख्खं जहाज रंगवलं, कागद बदलले, सिग्नल झाकला, आणि या शहाण्यांनी जुनं नाव महाराजांच्या भोवती लावून जगाला दाखवलं! वहिनी, ते जहाज मी गेल्या वर्षापासून शोधत होते.

चहा ठेवून परत आले, तर फोटो गेला होता. "अॅडमिनने डिलीट केला," एवढीच ओळ उरली होती. आणि ग्रुपची अॅडमिन तूच. का काढलास? दादाचा फेटा वाकडा होता म्हणून? तुला माहीत होतं. त्याने नवी कंपनी धरली तेव्हापासून तुला माहीत असणार. मीच एक बावळट, इथे बसून त्याच्यासाठी साईबाबांना नारळ बोलत होते.

तरी मी ऑफिसात काही कळवलं नाही. मनाशी ठरवलं, मार्चमध्ये इराणची आणीबाणी वाढवायची की नाही ते ठरतं. यंदा नाही वाढवली, निर्बंध सैल झाले, तर आपण काही पाहिलंच नाही. मी हे ऑफिसात नुसतं बोलून पाहिलं, तर सगळे हसले. दरवर्षी वाढतेच म्हणे. एक आणीबाणी माझ्या जन्माआधीपासून चालू आहे, दुसरी मी शाळेत असल्यापासून. आपले अण्णा आणीबाणीत येरवड्याला जाऊन सुटूनही आले. इथली संपायचं नाव घेत नाही.

या आठवड्यात ती पुन्हा वर्षभर वाढली. त्याच दिवशी आमचा मॅनेजर अनिल माझ्या टेबलाशी आला. "तुझा भाऊ शिपिंगमध्ये आहे ना?" सहज विचारलं असेल. त्याचा मेहुणा मर्चंट नेव्हीत जायचं म्हणतोय. पण तो गेल्यावर मी हिशोब करत बसले. आमचं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं आहे. उद्या दुसऱ्या कोणी ते जहाज शोधलं आणि मला आधीच माहीत होतं हे निघालं, तर नोकरी जाईल, घर जाईल, अनयाची शाळा जाईल.

म्हणून शुक्रवारी जहाजाचं नाव मी वर कळवलं.

अशा जहाजांचा विमा खोटा असतो, आग लागली तर मालक फोन उचलत नाही, तेव्हा दादा उतरलेला बरा, म्हणून मी हे केलं, असं स्वतःला समजावतेय. पण तुझ्याशी खोटं बोलत नाही. बटण दाबताना माझ्या डोळ्यांसमोर अनया होती. दादा नव्हता.

आता ऐक. वरचा तपास व्हायला काही आठवडे जातील. एकदा जहाजाचं नाव निर्बंधांच्या यादीत गेलं की कुठलंच बंदर त्याला आत घेणार नाही, आणि माणसं महिनोन्‌महिने पाण्यावर अडकतील. दादाला कळव, आई सीरियस आहे, पुढच्या बंदरात साइन ऑफ करून उतर. आईच्या नावाने खोटं बोलावं लागेल, बोल. ते पाप माझ्या माथी. माझं नाव मात्र घेऊ नकोस, मी तुला सांगितलं हाही इथे गुन्हाच आहे. पत्र वाचून झालं की चुलीत घाल. दादाला घरी आणायचं की मला अडकवायचं, दोन्ही आता तुझ्या हातात आहे. तुझ्यावर भरवसा नाही म्हणाले, आणि सगळं तुझ्याच ओटीत टाकतेय, बघ.

पाडव्याला दरवर्षीसारखा गुढीचा फोटो ग्रुपवर टाक. शेजारी दादा उभा असला तर मी इथे श्रीखंड करेन. नसला, तरी फोटो टाक, आणि या वेळी काढू नकोस. मला तो बघत बसायला हवा.

दादाला माझा नमस्कार आत्ता सांगू नकोस. घरी येऊन, आईच्या हातचं जेवून तो स्वस्थ झाला की सांग, आणि जहाजाचं नाव कोणी दिलं तेही तेव्हाच सांग.

त्यानंतरही नणंद म्हणशील तर तुझीच,
आसावरी