लाँड्रीच्या टाकीतलं कासव

३ मार्च
ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.
तुझ्या टाकीतल्या कासवाचे तू पाठवलेले फोटो आमच्या साहेबांना दाखवले. संग्रहालयातले सगळे खण उपसले. डोळ्यामागे फाटा फुटलेली पिवळी रेघ एकाही गोड्या पाण्याच्या कासवाला नाही. ही जातच नवी आहे, आत्या. तुझ्या लाँड्रीमागच्या तळ्यात जाळं टाकलं तेव्हा पिल्लं सापडली, पण इतक्या लहानपणी खुणा उमटत नाहीत.
जातीला नाव मिळालं तर तळं बुजवायचं काम थांबेल. पण साहेब म्हणतात, फोटोवर नाव टिकत नाही. ज्याच्यावरून नाव ठेवायचं ते मोठं कासव कायमचं बरणीत ठेवावं लागतं. मोठं फक्त तुझ्या टाकीतलं आहे. पुढचं लिहवत नाही.
तुझी,
ठमी

७ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
झुरळ दिसलं की कॉटवर चढून मला हाका मारणारी तू, आणि आता कासव मारायला निघालीस. मोठी शहाणी झालीस. तुझे आतोबा गेल्यापासून माझी चाहूल लागली की मान वर करणारं या घरात तेवढंच उरलंय. दुसरं शोधा. इस्त्री तापलीय, जास्त लिहीत नाही.
तुझी आत्या

१२ मार्च
ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.
दुसरं सापडलं नाही. काल तळ्यावर जाऊन आले, पण तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. पलीकडच्या काठावर डंपर माती ओततायत. पिल्लं अलीकडच्या गवतात गोळा झालीत. तळं बुजवण्याच्या कामाची सुनावणी वीस तारखेला आहे. नाव ठेवण्यासाठीचं मोठं कासव दाखवता आलं नाही तर ‘साधी कासवं’ म्हणून विषय सोडून देतील. तू नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही. पण हो म्हणालीस तर इंजेक्शन मीच देईन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.
ठमी

१५ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून गवतात जाऊन बघून आले. बघायला नको होतं. सोमवारी बादलीत घालून बसने आणते. तुझ्या साहेबांना खोलीबाहेर थांबायला सांग. शेवटपर्यंत ते माझ्या हातात राहील. तू कचरलीस तर मी परत घेऊन जाईन, आधीच सांगते.
आत्या

२ एप्रिल
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
पत्र मिळालं. डंपर गेले, पिल्लं उन्हाला येऊन बसतात. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जातीला माझं नाव द्यायचं तुझ्या मनात आहे, ते काढून टाक. त्या बरणीवर माझं नाव मला नकोय. तळ्याचं दे, ते तिथलंच होतं. तू कचरली नाहीस, मीच कचरले. ते पाहूनही तू काम पुरं केलंस, हे चांगलं केलंस. तुझ्यावर राग नाही.
टाकी रिकामी करून ठेव, असं शेजारीण म्हणते. जमत नाही. रोज सकाळी पाणी बदलते.
लोभ आहे तसाच आहे, तो वेगळा मागायला नको. सुट्टीत ये.
तुझी आत्या